संदर्भासह भाऊजी

आधार दिल्याशिवाय आयुष्यात एकही वाक्य न बोललेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरी पडला. हे विधान मी बेधडक करतो आहे, कारण "कशावरून?" असं विचारायला आता भाऊजी नाहीत. ते असते तर त्यांनी मला इथेच अडवलं असतं. अख्खं वऱ्हाड तू पाहिलं आहेस का, नसेल तर कुणी पाहिलं, त्याने ते कुठे लिहून ठेवलं, कोणत्या साली, कोणत्या पानावर, आणि ते पान उजव्या अंगाचं की डाव्या, इथपर्यंत चौकशी होऊन माझा लेख पहिल्याच ओळीत गारठून गेला असता. भाऊजी पेशाने डॉक्टर. नागपूरच्या मेडिकल शाळेतून पास होऊन आलेले आणि मंगरूळपीरच्या बाजूला एका दवाखान्यात नेमलेले. मी त्याच गावी कचेरीत टायपिस्ट होतो. बहिणीचा नवरा डॉक्टर म्हणजे आपल्या दुखण्याखुपण्याची सोय झाली, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात सोय भाऊजींची झाली. त्यांना घरचा टायपिस्ट मिळाला.

ताईचं लग्न ठरतानाच आम्ही सावध व्हायला हवं होतं. मध्यस्थाने भाऊजींना सांगितलं, "मुलगी गुणाची आहे हो." भाऊजी म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मध्यस्थ म्हणाला, मुलीच्या आत्याने. दुसरा कुणी असता तर मान डोलावून गप्प बसला असता. भाऊजी उठून थेट आत्याच्या गावी गेले. आत्या म्हणाली, "मले काय ठाऊक बावा? मी तं तिले लहानपनी पाह्यली होती. गुनाची हाये असं त्या मध्यस्थानंच सांगतलं मले." भाऊजींनी तिथेच कपाळाला हात लावला. "हा त्याच्या खांद्यावर बसलाय, आणि तो ह्याच्या खांद्यावर. खाली जमिनीवर कोणीच नाही!" शेवटी त्यांनी मूळ साधनच तपासायचं ठरवलं. म्हणजे आमच्या घरी येऊन, पाटावर बसलेल्या ताईला सगळ्यांसमक्ष विचारलं, "तुम्ही गुणाच्या आहात का?" वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ताईने मान खाली घालूनच उत्तर दिलं, "मी कायले सांगू? तुमीच पाहा ना." हे उत्तर भाऊजींना इतकं शास्त्रशुद्ध वाटलं की लग्न त्याच बैठकीत ठरलं.

पुढे ताईच्या लक्षात आलं की या घरात "म्हणे" हा शब्द चालत नाही. "शेजारची काकू म्हणे माहेरी गेली," एवढं तिने म्हटलं की भाऊजी हातातला घास हातातच धरून थांबत. कोण म्हणे? काकू स्वतः म्हणाली, की तिला जाताना पाहणारा म्हणाला, की पाहणाऱ्याकडून ऐकणारा? ताई वैतागून म्हणे, "घास खाऊन घ्या आधी. काकू काई पळून नाही गेली." "कशावरून?" भाऊजी विचारत, आणि वरण गार होई. एकदा गावात कीर्तन होतं. बुवा रंगात येऊन म्हणाले, "संत सांगून गेले आहेत की..." तोच मागून भाऊजी उठले, हात जोडून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "कोणते संत, बुवा? आणि कुठे?" बुवांनी मृदंगवाल्याकडे पाहिलं, मृदंगवाल्याने प्रसंग ओळखून असा ठेका धरला की उत्तर त्यात बुडून गेलं. पुढल्या वर्षी तेच बुवा आले ते पोथ्यांचं गाठोडं घेऊन, आणि दर वाक्यानंतर भाऊजींच्या दिशेने पाहत अध्याय आणि ओवी सांगू लागले. कीर्तन मुंगीच्या पावलाने चाललं. अर्धे लोक उठून गेले, उरलेले भिंतीला टेकून घोरू लागले. भाऊजींच्या मते तसं कीर्तन गावात पुन्हा कधी झालं नाही. गावाच्या मतेही नाही, कारण गावाने त्या बुवांना पुन्हा बोलावलंच नाही.

मोठ्या ग्रंथांत वाक्याच्या शेवटी वर एक बारीक आकडा असतो आणि पानाच्या तळाशी त्या आकड्याची टीप असते. भाऊजी बोलतानाही असे आकडे घालत. वाक्य संपलं की एक बोट वर करायचं, खालच्या आवाजात टीप सांगायची. पुढच्या वाक्याला दोन बोटं, त्याच्या पुढच्याला तीन. घरच्यांना हे अंगवळणी पडलं होतं, पण रोग्यांना कसं कळावं? एका धट्ट्याकट्ट्या शेतकऱ्याला त्यांनी पोट साफ व्हायला एरंडेल सांगितलं. संभाषणातलं ते तिसरं विधान होतं, म्हणून तीन बोटं वर गेली. शेतकऱ्याने बोटांचा सरळ अर्थ घेतला आणि तीनदा एरंडेल प्यायला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याचा भाऊ आला. "डाक्टरसाहेब, दादा कालपासून वावरातच हाये," तो काकुळतीने म्हणाला, "तितूनच राम राम सांगतला तुमाले." त्या दिवसापासून ताईने भाऊजींना दवाखान्यात हात खिशात घालून बोलायला लावलं.

ताई माहेरी गेली की तिला पत्रं येत, तीही अशीच. पहिलं पत्र पानभर. त्यात प्रकृती, हवापाणी, आणि शेवटी लाजत लाजत एक ओळ, की तुझी फार आठवण येते. दुसऱ्या पत्रात नुसतं कित्ता, म्हणजे मागच्याप्रमाणेच: "प्रकृती, कित्ता. हवा, कित्ता. आठवण, कित्ता, मागील पत्राची शेवटची ओळ पाहावी." ताई चिडली होती का? माहीत नाही. एवढं पाहिलंय की तिने खरोखर मागलं पत्र काढून शेवटची ओळ पाहिली.

ही सगळी हौस एकदाची एका जागी येऊन एकवटली ती नारूच्या लेखात. नारू आता पुष्कळांना ठाऊकही नसेल. दोऱ्यासारखा लांबलचक किडा माणसाच्या पायातून फोड फोडून बाहेर येतो. तो ओढून काढता येत नाही. तुटला तर पाय सुजून माणूस जन्माचा लंगडा होतो. काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसायचं, दुसरा इलाज नाही. आसेगावच्या पलीकडे एक वस्ती होती, तिथे ऐन पेरणीच्या दिवसांत घरोघरी माणसं पाय धरून बसलेली असत आणि पेरायची तिफण दाराशी उभी असे. भाऊजींनी तिथे खेपा घातल्या आणि त्यांच्या ध्यानात आलं की वस्तीची विहीर पायऱ्यांची आहे. लोक पायऱ्या उतरून फोड आलेला पाय पाण्यात बुडवतात, किड्याची अंडीपिल्ली पाण्यात जातात, आणि तेच पाणी घागरीतून घरी येतं. पायऱ्या बुजवा, वरून दोराने पाणी काढा, नारू जाईल. इतकं सोपं. भाऊजींनी वरच्या कचेरीत अर्ज केला. तिथल्या साहेबाने विचारलं, "असं पूर्वी कुणी करून पाहिल्याचं छापील काही आहे काय?" दुसरा कुणी डॉक्टर हा प्रश्न ऐकून खचला असता. भाऊजींना साहेबाला कडकडून मिठी मारावीशी वाटली. एवढ्या वर्षांत त्यांना त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस पहिल्यांदा भेटला होता.

मग लेख लिहायचा ठरला. मद्रासकडे डॉक्टरांचं एक मासिक निघत असे, त्यात तो छापून आणायचा आणि साहेबापुढे ठेवायचा. लेख भाऊजींनी बघता बघता लिहून काढला. खरं बाळंतपण पुढे होतं. मासिकाने लेखकांसाठी नियमांचा एक कागद पाठवला होता, की संदर्भांची यादी कशी करावी. आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग नावाची आद्याक्षरं, प्रत्येकापुढे टिंब. मग कंसात साल. मग मासिकाचं नाव, तेही तोडून, कुठे तोडायचं ते ठरलेलं. मग खंडाचा आकडा जाड टायपात, मग पान. भाऊजींनी तो कागद देवघरात ठेवला नाही एवढंच. बाकी सगळं केलं. दोन दिवसांत त्यांना तो पाठ झाला आणि तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात लागू झाला. दाराशी येऊन ते पुकारत, "राऊत, म. गो.!" ओसरीवर बसलेले लोक एकमेकांकडे पाहत. "हा मगो कोन व्हय बा?" "नवा आला असंन." खुद्द महादेव गोविंद राऊत समोरच कण्हत बसलेला असे. एकदा त्यांनी "गावंडे, बा. बा.!" असा पुकारा केला, तर ओसरीवरचे झाडून सगळे म्हातारे "काय बा?" म्हणत काठ्या टेकत उभे राहिले. आणखी एक नियम होता: लेखक पुष्कळ असले तर पहिल्याचं नाव द्यावं आणि पुढे "प्रभृती" म्हणावं. भाऊजींनी ताईला दवाखान्यातून निरोप धाडला, "पाटील प्रभृती आज जेवायला येणार." ताईने निरोप्याला विचारलं, प्रभृती म्हणजे किती? उलट निरोप आला, "ते मोजायचे नसतात." ताईने बेताचा स्वयंपाक केला. पाटील आले ते अख्खी बैलगाडी भरून. "तुमच्या प्रभृतीच्या तं..." असं म्हणून ताईने जी कणीक मळायला घेतली, तिचे धपके ओसरीपर्यंत ऐकू येत होते.

टायपिंग माझ्याकडे होतं, आणि माझ्या यंत्रावरच्या स्वल्पविरामाची शेपटी झिजून गेली होती. स्वल्पविराम मारला की टिंब उठे. कचेरीतल्या कामात त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. भाऊजींनी पहिलं पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा एखाद्या जवळच्या नातेवाइकाची नाडी लागत नसल्यासारखा झाला. "अरे, हे आडनावापुढे पूर्णविराम! म्हणजे माणूस आडनावातच संपला!" मग बारीक टाक घेऊन त्यांनी एकेका टिंबाला शेपटी काढली. जाड टाइप हवा तिथे अक्षराखाली नागमोडी रेघ मारायची असा छापखान्याचा दंडक होता. भाऊजींची रेघ हाताच्या कंपाने भलतीकडेच जाई, माझी सरळच येई. अखेर पान ताईपुढे आलं. तिने रांगोळीच्या हाताने अशा एकसारख्या सुबक लाटा काढल्या की भाऊजी पाहतच राहिले. "किती छान!" ते म्हणाले, आणि बोट वर करायला विसरले. ताईने ते बरोबर टिपलं. "आधार?" तिने विचारलं. भाऊजी लाजून दवाखान्यात निघून गेले.

यादी आडनावांच्या क्रमाने लावायची म्हणून भाऊजींनी प्रत्येक संदर्भाची एकेक चिठ्ठी केली होती. चिठ्ठ्या अंगणात पापडासारख्या मांडायच्या, वर खडे ठेवायचे, आणि मागेपुढे सरकवत बसायचं. फाटलेल्या चिठ्ठ्या त्यांनी खळीने जाड कागदावर चिकटवल्या होत्या. खळ कणकेची. शेजाऱ्यांच्या बकरीला हा मेवा कुंपणापलीकडून दिसत होता. एके दुपारी ती आत आली, फिरून पाहिलं, आणि नेमकी एकच चिठ्ठी खाऊन गेली. ती चिठ्ठी म्हणजे लेखाचा प्राण होता. पायऱ्या बुजवल्या की नारू हटतो, असं आधी कुणीतरी एका जुन्या अंकात लिहून ठेवलं होतं. साहेबाने मागितलेला आधार तो हाच. लेखकाचं नाव, साल, खंड सगळं भाऊजींना तोंडपाठ होतं. पान मात्र आठवेना. ताई बकरीला काठी घेऊन धावली, तेव्हा भाऊजींनीच तिला थांबवलं. "तिला मारू नको. आपण नुसतं वाचलं, तिने पचवलं."

पान नसलं तर नसू द्या, असं मी सुचवून पाहिलं. भाऊजींनी माझ्याकडे अशा दुःखाने पाहिलं की मी यंत्रावर झाकण घातलं. तो जुना खंड त्यांनी अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून वाचायला आणला होता. तिकडे पत्र टाकलं तर उत्तर आलं की डॉक्टर गाव सोडून गेले, सामानाचा लिलाव झाला आणि पुस्तकं रद्दीत गेली. भाऊजी जेवेनात. पेरणीचे दिवस पुन्हा जवळ येत होते, साहेबाची बदली होण्याची बोलवा होती, आणि लेख एका आकड्यासाठी अडून बसला होता. तेवढ्यात एक म्हातारी औषधासाठी आली आणि डॉक्टरांना द्यायला म्हणून गुळाचा खडा घेऊन आली. भाऊजींनी पुडी उलगडली, गूळ माझ्या हातावर ठेवला आणि कागद डोळ्यांशी नेला. "हाच!" ते ओरडले. "हाच टाइप! बाई, गूळ कुठून आणला?" म्हातारी घाबरून म्हणाली, "चोरीचा नाही जी, शेलूबाजारातून आनला, इकत!"

योगायोगाने त्या दिवशी शेलूबाजारचा बाजार होता. दमणी जुंपली आणि आम्ही दोघं निघालो. दमणी म्हणजे आमच्याकडची हलकी बैलगाडी. बैल चांगले असले तर वाऱ्याशी पैज घेते, आणि आतला माणूस धान्य पाखडल्यासारखा उडतो. बाजारात पाऊल टाकताच भाऊजी दिसेल त्या दुकानापुढे जाऊन दिसेल ती जिन्नस मागू लागले. हिंग, हळद, तंबाखू, चिवडा, गुलाल. पुडी हातात आली की कागद स्वतःकडे आणि जिन्नस शेजारी उभ्या असलेल्याच्या ओंजळीत. थोड्याच वेळात आमच्यामागे अर्धा बाजार ओंजळी पसरून चालू लागला. काही जणांच्या मते डॉक्टरांना मूल झालं होतं, काहींच्या मते डॉक्टरांना उन्हाचा फटका बसला होता. एका हलवायाने, मालात भेसळ शोधून राह्यले वाटते, म्हणून घाईघाईने दुकानावर फडकं टाकलं. आमचं शोधणं थांबलं ते एका फुटाणेवाल्या चाचाच्या पालाशी. त्याच्यापुढे त्या खंडाची फाडलेली पानं चळतीने रचून ठेवली होती. भाऊजी तिथेच मांडी घालून बसले आणि पानामागून पान वाचू लागले. चाचा पुष्कळ वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डाक्टरसाब, एक बात बोलू? फुटाने तुमी खाता का वाचता?"

आणि ते पान मिळालं! तेच वाक्य, तोच लेखक. भाऊजींनी पान छातीशी धरलं, पुन्हा समोर धरलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. पानाचा वरचा कोपरा फाटलेला होता. आकडा होता तो नेमका त्याच कोपऱ्यात, आणि मागचं पान चळतीत नव्हतं. "याच्या पुढचं पान?" त्यांनी चाचाला विचारलं. चाचाने हात वर केला आणि बाजाराबाहेर निघालेल्या एका गड्याकडे बोट दाखवलं. "वो देखो. पुढचं पान त्यो खाऊन राह्यला."

आम्ही दमणी त्याच्यामागे घातली. भाऊजी उभे राहून ओरडत होते, "थांब रे! तुझ्या हातातलं दे!" गड्याने वळून पाहिलं, डॉक्टरांना ओळखलं आणि धूम ठोकली. त्या वर्षी देवीची लस टोचायला माणसं गावोगाव हिंडत होती, आणि डॉक्टर स्वतः बैलगाडी घेऊन मागे लागला आहे म्हटल्यावर बिचारा दुसरं काय समजणार? तो वावरातून पळाला, नाला उतरला, पलीकडे चढला. आम्ही रस्त्याने वळसा घालून गेलो. धावता धावता तो फुटाणे खातच होता, जणू तेवढे तरी टोचण्याआधी पोटात जावेत. आसेगावच्या अलीकडे त्याचा दम संपला. तो बांधावर बसला आणि दंड उघडा करून म्हणाला, "घ्या, टोचा! पन हळू टोचा." भाऊजींनी त्याच्या हातातून फक्त रिकामी पुडी घेतली, उलगडली, आणि कोपऱ्यातला आकडा पाहून तिथल्या तिथे त्या गड्याला मिठी मारली. यातून एक वजा केला की आपलं पान! त्याच क्षणी त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मधे एखादं चित्राचं पान असलं तर? त्यावर आकडा घालत नाहीत." मी हात जोडले. ते तिथेच बांधावर बसले, दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून एकाचं शेवटचं अर्धं वाक्य दुसऱ्याच्या पहिल्या अर्ध्या वाक्याला जोडून पाहिलं. जुळलं. तेव्हा कुठे त्यांनी पाणी मागितलं.

पाणी जवळ नव्हतं. गडी म्हणाला, "चाला ना मंग आमच्या वस्तीवर. हे काय, पुढंच हाये." तो त्या नारूच्याच वस्तीवरचा निघाला. आम्ही तिथे पोहोचलो, आणि विहिरीजवळ येताच भाऊजी दमणीतून उतरता उतरता थबकले. पायऱ्या नव्हत्या. जिथे पायऱ्या होत्या तिथे दगड रचून, माती चोपून पक्कं बुजवून टाकलं होतं. वर कमरेएवढा कठडा होता, कठड्यावर लाकडी चाक होतं, आणि एक बाई दोराने घागर वर ओढत होती. वस्तीचे पाटील, तेच आमच्याकडे गाडीभर माणसांनिशी जेवून गेलेले, हसत पुढे आले.

"हे कधी केलं?" भाऊजींनी विचारलं.

"कापूस येचून झाला ना, तवाच. पोट्टे मोकळेच होते."

"पण मंजुरी? माझा लेख अजून छापून यायचा आहे. साहेबाने आधार मागितलाय. तुम्ही कशावरून केलं?"

पाटलांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भाऊजींकडे. "तुमी सांगतलं ना!"

"हो, पण मी सांगितलं त्याला काय आधार?"

"आता घ्या!" पाटील म्हणाले. "डाक्टरसाहेब, गेल्या साली माह्या मायचा नारू तुमी काडीवर गुंडाळला. ती शिव्या देऊन राह्यली होती तुमाले, तरी तुमी जागचे हालले नाही. रोज आले. तिचा पाय वाचला. मंग तुमी म्हनले, पाटील, पायऱ्या बुजवा. आमी बुजवल्या. त्याच्यात आनखी कोनाले पुसाचं?"

भाऊजींनी टीप सांगायला सवयीने बोट वर केलं, आणि तसंच खाली घेतलं. ते कठड्यावर जाऊन बसले. त्या बाईने घागर पुढे केली, त्यांनी ओंजळ धरली आणि ते पाणी प्यायले. "ऊन लय हाये आज," ते चेहरा पुसत म्हणाले. मी कशावरून म्हणून विचारलं नाही.

लेख गेला, पानाच्या आकड्यासह. पुढे तो छापूनही आला. अंक हातात पडला तेव्हा भाऊजींनी लेखाकडे पाहिलंही नाही, थेट शेवटचं पान उघडलं. तिथे यादी नव्हती. तिच्या जागी संपादकांनी एक ओळ घातली होती: जागेअभावी संदर्भ गाळले आहेत, जिज्ञासूंनी लेखकाकडे मागावेत. मी आणि ताई श्वास रोखून उभे. भाऊजींनी ती ओळ दोनदा वाचली, आणि मग ते जे हसायला लागले ते भिंतीचा आधार घेऊन खाली बसेपर्यंत हसत राहिले. ताईला आधी भीती वाटली, मग तीही हसू लागली, मग मी. बाहेर बसलेले रोगी खिडकीतून डोकावून एकमेकांना सांगू लागले की डॉक्टरसाहेबांना बढती मिळाली वाटते. यादीच्या प्रती मात्र त्यांनी माझ्याकडून टाइप करून घेतल्याच, कुणी जिज्ञासू मागेल म्हणून. रंगूनहून एकाने खरंच मागितली. त्या दिवशी ताईने पुरणपोळी केली होती. वरच्या कचेरीतल्या साहेबाची बदली झाली, नव्या साहेबाने लेख वाचला की नाही ते कळलं नाही; पण आजूबाजूच्या वस्त्यांनी पाटलांची विहीर पाहिली आणि एकेक करून आपापल्या पायऱ्या बुजवल्या. पेरणीला माणसं वावरात दिसू लागली.

नोकरी संपल्यावर भाऊजी आणि ताई वाशीमला येऊन राहिले. शेवटी शेवटी त्यांची नजर गेली. मासिक तरीही येत असे, आणि रविवारी दुपारी मी जाऊन ते वाचून दाखवत असे. लेख संपला की मी अंक मिटायला लागे, तेव्हा ते हात पुढे करून म्हणत, "नावं राहिली ना." मग मी यादी वाचायची. आडनाव, आद्याक्षरं, साल, सगळं. एकदा मी म्हटलं, "भाऊजी, ही नावं ऐकून काय मिळतं हो तुम्हाला?" त्यांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "ही माणसं कधी एकमेकांना भेटली नसतील रे. एक कलकत्त्याचा, एक कुठचा खार्टूमचा. पण आपलं बोलून झाल्यावर दुसऱ्याचं नाव घ्यायला कोणी विसरत नाही, पाह्य."

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यातली एक दुपार मला आठवते. मी यादी वाचत होतो, आणि निम्म्यावर आलो तेव्हा त्यांचा श्वास संथ लागलेला ऐकू आला. झोपले होते. मी थांबलो. दारात ताई उभी होती, तिने मान हलवली. "थांबू नको," ती हळूच म्हणाली, "थांबला की जागे होतात." मी आवाज थोडा खाली आणला आणि पुढची नावं वाचत राहिलो.